लॉटरीत माझा नंबर मागे गेला, आता ग्रुप मीच सोडू का?

पत्र आधी, थोडं कापून देतेय.

"मावशी, मी मूळची धायरीची. बारावीनंतर डायरेक्ट अमेरिकेला आले, आता इथे फर्स्ट इयर संपत आलंय. पहिल्या वर्षी होस्टेल युनिव्हर्सिटीच ठरवते पण दुसऱ्या वर्षासाठी लॉटरी असते. कंप्युटर प्रत्येकाला एक नंबर देतो आणि त्या नंबराप्रमाणे रूम निवडायची. ग्रुप केला तर ग्रुपचं ॲव्हरेज धरतात. आम्ही चौघींनी डिसेंबरपासून ठरवलं होतं की चार जणींचा सूट घ्यायचा, स्वतःचं किचन वगैरे. बाकी तिघींचे नंबर आले ३१२, ५६० आणि ७०५. माझा आला १८४७. एकूण नंबर दोन हजारच्या आसपास, म्हणजे माझ्या मागे फार कोणी नाहीच. त्या दिवसापासून आमचा व्हॉट्सॲप ग्रुप गप्प आहे. तोंडावर कोणी काही बोललं नाही पण २४० नंबरवाली एक मुलगी त्यांच्यात यायला तयार आहे असं कानावर आलंय. शुक्रवारपर्यंत ग्रुप फायनल करायचाय. मी स्वतःहूनच बाहेर पडू का? एक सीनियर म्हणाला की डिमांड असलेली बिल्डिंग पहिल्या नंबरला टाकूच नकोस, चॉइस वाया जातो. बाबा म्हणतायत मी डीनला मेल करतो. आई म्हणते कशाला ती भानगड, बाहेर फ्लॅट बघ आपल्या मुलींबरोबर. मला काहीच सुचत नाहीये."

अगं १८४७ (सही तूच तशी केलीयेस, मी काय करू), आधी हिशोब करू, रडारड नंतर.

चौघींची बेरीज ३४२४, भागिले चार, ८५६. तुझ्या जागी ती २४० वाली आली तर ४५४. म्हणजे तुझ्यामुळे ग्रुप चारशे नंबर मागे जातो, हे खरंय, आणि ते तुलाही माहितीये आणि त्यांनाही, म्हणून तर सगळ्या गप्प बसल्यात. पण तू ८५६ हा आकडा दोन हजार मुलामुलींच्या रांगेत ठेवून बघतेयस आणि तिथेच गल्लत होतेय. चार जणींच्या सूटसाठी तुमची स्पर्धा एकेकट्या मुलींशी नाहीच्चे, ती चार-चारच्या ग्रुपांशी आहे, आणि त्या बहुतेक ग्रुपांमध्ये कोणी ना कोणी तुझ्यासारखी बसलेली असणारच. एक ते दोन हजारमधले कुठलेही चार नंबर डोळे मिटून उचल, ॲव्हरेज हजाराच्या आगेमागे येतं. चौघींचेही नंबर मस्त आलेत असे ग्रुप अगदी मोजके. त्यामुळे ८५६ घेऊन तुम्ही निम्म्याहून बऱ्याच जास्त ग्रुपांच्या पुढे आहात. आता बाकीच्यांनीही आपापल्या १८४७ ना गुपचूप बाहेर काढलं तर हे गणित थोडं बिघडतं, ते सोड, पण तू समजतेयस तितकं काही तुझ्या नंबरने ग्रुपचं वाटोळं केलेलं नाहीये.

दुसरं, आणि हे आज रात्रीच कर. गेल्या वर्षी चार जणींचे सूट कितव्या नंबरपर्यंत पुरले ते शोध. बऱ्याच युनिव्हर्सिटींचं हाउसिंग ऑफिस मागच्या वर्षीचे आकडे वेबसाइटवर टाकतं, कुठली बिल्डिंग कुठल्या नंबरला संपली, कुठल्या टाइपच्या रूम किती होत्या. नसेल टाकलं तर मेल करून विचार, सांगतात, यात गुपित काही नसतं. तेही नाही जमलं तर तुझ्या मजल्यावरच्या आरएला (मजल्यावर लक्ष ठेवणारा सीनियर विद्यार्थी) गाठ, त्या पोरांना सगळं तोंडपाठ असतं. आणि आकडा बघताना तो ग्रुपच्या ॲव्हरेजचा आहे की एकेकट्याचा हे नीट बघून घे, नाहीतर भलत्याच आकड्यावर निर्णय होईल.

मग काय होतं बघ. सूट गेल्या वर्षी हजारापर्यंत पुरले असतील तर तुझ्यासकट सूट मिळायची शक्यता चांगली आहे आणि कोणी कोणाला सोडायचा प्रश्नच उद्भवत नाही. तीनशेलाच संपले असतील तर ४५४ ला सुद्धा काही मिळत नाही, म्हणजे तुला काढूनही त्यांच्या हाती भोपळा, मग ही सगळी कुजबुज कशासाठी चाललीये? खरी अडचण फक्त तेव्हाच आहे जेव्हा सूट साधारण साडेचारशे ते साडेआठशेच्या मध्ये कुठेतरी संपत असतील. तुमच्यापैकी एकीनेही हे बघितलेलं नाहीये, मी पैज लावते, कारण बघितलं असतं तर तुझ्या पत्रात तो आकडा आलाच असता.

नियमपुस्तिका पण उघड, पीडीएफ असते ती, कोणी वाचत नाही. तुझ्याकडे ॲव्हरेज धरतात म्हणतेस, पण ते फक्त सूटसाठी की सगळ्याच रूमसाठी? कारण बऱ्याच ठिकाणी दोघींच्या रूमला वेगळा नियम असतो, जिचा नंबर चांगला ती आपल्या टर्नला रूम घेते आणि दुसरीला आत ओढून घेते, ओढलेलीचा नंबर कितीही मागचा असला तरी चालतो. तसं असेल तर ३१२ वालीबरोबर तू दोघींची रूम घेऊ शकतेस आणि बाकीच्या दोघी त्याच बिल्डिंगमध्ये शेजारी बघू शकतात. चौघी एका दाराच्या आत नसल्या तरी एका मजल्यावर आल्या तर काय बिघडलं? आणि तो सूट सूट जो करताय, त्याचा फ्लोअर प्लॅन बघितलाय का? कित्येक युनिव्हर्सिटींत सूट म्हणजे दोन बेडरूम, मध्ये बसायची जागा आणि एक बाथरूम एवढंच, किचन नसतंच. किचनवाल्याला तिथे अपार्टमेंट म्हणतात आणि ती बहुतेक थर्ड-फोर्थ इयरवाल्यांनाच जातात. किचनसाठी मैत्री पणाला लावायची आणि आत गेल्यावर मायक्रोवेव्ह दिसायचा, असं नको व्हायला.

आता तुझ्या त्या सीनियरबद्दल. हा सल्ला मी पुण्यात दर जून-जुलैला ऐकते, अकरावीच्या ऑप्शन फॉर्मच्या वेळी. हे कॉलेज वर टाकू नका, ते खाली टाका, याच्यामागे त्याला ठेवा, असं सांगायचे पैसे घेणारे लोक आहेत आपल्याकडे. तिथे निदान एक खरी अट असते, पहिल्या पसंतीचं कॉलेज लागलं तर ते घ्यावंच लागतं, नाही घेतलं तर पुढच्या नेहमीच्या फेऱ्यांतून बाहेर, त्यामुळे पहिल्या नंबरला काय लिहायचं याचा विचार करावा लागतो. तुझ्या लॉटरीत गोष्ट सोपी आहे. रांग लागलीये, फक्त मार्कांऐवजी चिठ्ठीने लागलीये. तुझा टर्न आला की त्या क्षणी जे शिल्लक आहे त्यातलं तुझ्या यादीत सगळ्यात वर जे आहे ते तुला मिळतं. डिमांडवाली बिल्डिंग वर लिहिलीस आणि ती संपलेली असली तर कंप्युटर सरळ खालच्या नावावर जातो, तुझा टर्न काही जात नाही. त्यामुळे मनात जे खरं आहे त्याच क्रमाने लिही. वर लिहून तुझं काही जात नाही, उलट खाली ढकललीस आणि नेमकी ती शिल्लक असली तर हातची घालवशील.

अपवाद एकच. काही पद्धतींत आधी सगळ्यांचा पहिला चॉइस बघतात, त्या जागा भरून टाकतात आणि मग दुसऱ्या चॉइसकडे वळतात. तिथे पहिला चॉइस वाया जाणं खरोखर असतं, आणि तिथे तुझा सीनियर बरोबर आहे. बॉस्टनमध्ये सरकारी शाळांच्या जागा अशाच वाटायचे, डोकेबाज पालक हिशोब करून फॉर्म भरायचे आणि साधे पालक फसायचे, म्हणून २००५ मध्ये ती पद्धत त्यांनी बंद केली. तुझ्या पत्रावरून तुमचं प्रकरण तसलं वाटत नाही, पण नियमात एकदा बघून घे.

या खोल्या वाटण्यावर मोठमोठ्या माणसांनी डोकं लावलंय बरं का, मला पण आधी हसू आलं होतं. लॉइड शॅपली आणि हर्बर्ट स्कार्फ यांनी १९७४ मध्ये एक पेपर लिहिला, त्यात प्रश्नच असा की प्रत्येकाकडे एक घर आहे, पैसे मध्ये आणायचे नाहीत, तर अदलाबदल कशी करायची की नंतर कोणाला वाटू नये आपण वेगळे होऊन आपसात केलं असतं तर बरं झालं असतं. शॅपलींना पुढे २०१२ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, असल्याच जागावाटपाच्या थिअरीसाठी. नंतर १९९९ मध्ये अब्दुलकादिरोग्लू आणि सोनमेझ या दोघांनी थेट अमेरिकन कॉलेजच्या होस्टेलांवरच लिहिलं. काही ठिकाणी जुन्या मुलाला आपली आहे ती रूम धरून ठेवता येते, पण लॉटरीत उतरला तर ती हातची जाते, म्हणून लोक घाबरून उतरतच नाहीत आणि चांगल्या खोल्या अडकून पडतात. त्यांनी सुचवलं की माझ्या टर्नला मी तुझी खोली मागितली तर माझ्या आधी तू निवडायचंस, म्हणजे तुझं नुकसान होत नाही. किती साधं! मी रेक्टर असताना हे कोणी सांगितलं असतं तर वर्षातून एकदा होणारी महाभारतं वाचली असती. तुझ्याशी याचा संबंध पुढे येईल, रूम बदलण्याच्या वेळी.

हो, मी रेक्टर होते, पुण्यातच, एका कॉलेजच्या मुलींच्या होस्टेलला, त्यामुळे बाबांच्या मेलबद्दल मला जरा जास्तच बोलायचंय.

आमच्याकडे लॉटरी नव्हती, मार्कांची यादी लागायची, कॅटेगरीप्रमाणे, आणि पुण्याबाहेरच्या मुलींना आधी. यादी नोटीस बोर्डला लागली की दुसऱ्या दिवशी सकाळी ऑफिसच्या खिडकीशी वडील उभे. बहुतेकांच्या खिशात घडी घातलेलं एक पत्र, कुठल्यातरी नगरसेवकाचं नाहीतर आमदाराचं, लेटरहेडवर, सदर विद्यार्थिनी माझ्या परिचयाची असून, वगैरे. ती माणसं वाईट नव्हती, घाबरलेली होती. मुलगी अठरा वर्षांची, पहिल्यांदा घराबाहेर, आणि आपल्याला काहीतरी करता आलं पाहिजे असं वाटणं यात मला काही चूक दिसत नाही. तुझ्या बाबांना तर तेवढी खिडकी पण नाहीये, मेलच आहे. पण सांग त्यांना की अमेरिकेत १९७४ पासून फेर्पा नावाचा कायदा आहे, मूल कॉलेजात गेलं की त्याच्या रेकॉर्डचे हक्क पालकांकडून मुलाकडे जातात, आणि मुलाच्या लेखी संमतीशिवाय ऑफिस पालकांशी त्याच्या केसबद्दल सहसा बोलत नाही. फी बाबा भरतायत की आजोबा, त्याने फरक पडत नाही. बाबांनी तीन पानी मेल पाठवला तरी उत्तर येईल, धन्यवाद, आपल्या मुलीला आमच्याशी संपर्क साधायला सांगा. म्हणजे फिरून बोलायचंय तुलाच, तर आधीच तू बोल.

आणि लॉटरीत सेटिंग असेल असं कोणाच्या मनात आलं तर? म्हाडाच्या लॉटरीत नाव नाही आलं की आपल्याकडे सोसायटीच्या गेटवरच निकाल लागतो, आतून झालं सगळं. आरटीईच्या सोडतीलाही तेच, २५ टक्के राखीव जागा, चिठ्ठीत शेजारच्याचं नाव आलं, आपलं नाही आलं, की लगेच संशय. तुला १८४७ देण्यात कोणाला कसला इंटरेस्ट असणार गं? कोणालातरी १८४७ यायचाच होता.

लॉटरीला वळसा घालून जाणारे रीतसर रस्ते मात्र असतात आणि ते तुला कोणी सांगितलेले दिसत नाहीत. दमा आहे, जबरदस्त ॲलर्जी आहे, पायऱ्या चढता येत नाहीत, असं काही खरं वैद्यकीय कारण असेल तर डिसॅबिलिटी ऑफिसकडे डॉक्टरच्या कागदांसकट वेगळा अर्ज करता येतो आणि ती रूम लॉटरीच्या बाहेरून मिळते, फक्त त्याची तारीख बरेचदा लॉटरीच्या आधीची असते. खोटं सर्टिफिकेट आणायचा विचार घरात कोणी बोलून दाखवला तर तिथेच थांबव. मग थीम हाउस असतात, एखाद्या भाषेचं, कलेचं, व्यसनमुक्त राहणाऱ्यांचं, तिथे नंबर नाही, अर्ज आणि कधीकधी छोटा इंटरव्ह्यू. आणि आरए व्हायचं असेल तर रूम फुकट किंवा स्वस्तात मिळते, बहुतेकदा एकटीची, पण निवड साधारण हिवाळ्यातच होऊन जाते, त्यामुळे ते आता पुढच्या वर्षीचं बघ. एफ-वन, म्हणजे स्टुडंट व्हिसावर टर्म चालू असताना कॅम्पसवरचं काम आठवड्याला २० तासांपर्यंतच चालतं, तिथे बसतंय ना हे इंटरनॅशनल ऑफिसला विचारून मगच.

आता मुख्य गोष्ट. त्या तिघी.

स्वतःहून बाहेर पडू का विचारतेस. नको. निदान आज नको आणि असं तर मुळीच नको. आपल्याकडे मुलींना लहानपणापासून शिकवतात की कोणाला जड व्हायच्या आत आपणच उठावं, पंगतीत वाढपी यायच्या आत पुरे म्हणावं. तू गुपचूप बाहेर पडलीस की त्या तिघींना वाटेल हिला दुसरं काहीतरी मिळालं, तुला वाटत राहील की यांना मी नकोच होते, आणि पुढची तीन वर्षं कॅन्टीनमध्ये एकमेकींना हसून पुढे जाल. हे मी बघितलंय, एका मजल्यावर राहून वर्षभर न बोललेल्या मुली.

पण उलट टोकही नको, की डिसेंबरमध्ये शब्द दिला होतात, आता पाळा. डिसेंबरमध्ये नंबर आले नव्हते. त्यांना चांगली जागा हवी असणं हा काही गुन्हा नाहीये, एकोणीस वर्षांच्या पोरी आहेत त्या.

तर आकडा हातात आला की चौघी समोरासमोर बसा, व्हॉट्सॲपवर नको, आणि विषय तूच काढ कारण बाकी तिघींची हिंमत होणार नाही. काय बोलायचं ते सांगते, तुझ्या भाषेत करून घे. की माझ्या नंबराने ॲव्हरेज ८५६ होतंय, गेल्या वर्षी सूट अमुक नंबरपर्यंत पुरले, म्हणजे आपल्याला मिळण्याची शक्यता एवढी आहे. ती २४० वालीचं मला कळलंय, मी चिडलेले नाहीये (चिडली असशील तर हे वाक्य गाळ, खोटं बोलू नकोस), पण मला बुधवारपर्यंत स्पष्ट उत्तर हवंय कारण शुक्रवारच्या आत मला माझी सोय बघायचीये. बस एवढंच. मग गप्प बस. पुढचं त्यांना बोलू दे, शांतता झाली तर होऊ दे, ती भरून काढायला अगं तुम्ही जा गं, माझं मी बघते, असं म्हणू नकोस. तू पुण्याची आहेस, एवढं स्पष्ट बोलणं तुला जमायला हरकत नाही.

बुधवार का, तर दोन दिवस तुझ्या हातात राहतात. गुरुवारी रात्री अकराला सॉरी यार असा मेसेज आला तर तू कुठे जाशील? मी बघितलेल्या बऱ्याच रूमच्या भांडणांत निर्णयाने जेवढं दुखावलं नाही तेवढं उशिरा सांगण्याने दुखावलंय.

तुला वाटत असेल हे तुझ्याच नशिबी आलं. हार्वर्डचं सांगते. तिथे फर्स्ट इयरची मुलं मार्चमध्ये जास्तीत जास्त आठ जणांचे ग्रुप करतात आणि मग तो अख्खा ग्रुप बारापैकी कुठल्यातरी एका हाउसमध्ये (तिथल्या होस्टेलांना हाउस म्हणतात) लॉटरीने जातो, पुढची तीन वर्षं तिथेच. पूर्वी मुलांना हाउस निवडता यायचं, पण मग एका हाउसमध्ये सगळे खेळाडू, एकात सगळे नाटकवाले असं व्हायला लागलं, म्हणून नव्वदच्या दशकात त्यांनी ते चिठ्ठीवर टाकलं. हाउसची भांडणं त्याने कमी झाली असतील, पण आठात कोण आणि नववं कोण यावरून दर वर्षी मैत्र्या तुटतातच. ऑक्सफर्ड-केंब्रिजच्या कॉलेजांत खोल्यांच्या लॉटरीला बॅलट म्हणतात आणि काही कॉलेजांत छान नियम आहे, या वर्षी जो यादीत शेवटी तो पुढच्या वर्षी पहिला. तुमच्याकडे तसं काही आहे का बघ. नसलं तरी सिनियॉरिटी असतेच बहुतेक ठिकाणी, आधी फोर्थ इयर निवडणार, मग थर्ड, मग तुम्ही, म्हणजे तुमच्या वर्षाच्या वाट्याला उरलंसुरलंच येतं आणि त्यात सुद्धा ३१२ वालीला काही राजवाडा मिळणार नाहीये.

समजा त्या म्हणाल्या की आम्ही तिच्याबरोबर जातो. वाईट वाटेल, वाटू दे. पण मग लगेच दुसऱ्या दिवशी दोघींच्या रूमसाठी पार्टनर शोधायला लाग. लॉटरीच्या दिवसांत प्रत्येक युनिव्हर्सिटीत एकटे पडलेले खूप असतात आणि त्यात चांगल्या नंबरवाले पण असतात, ज्यांना ग्रुप नाही पण रूम दोघांचीच मिळणार आहे. अशीला तू हवी आहेस, कारण नाहीतर ऑफिस तिच्या रूममध्ये कोणालाही टाकणार. भेटलीस की मैत्रीचे प्रश्न विचारू नकोस. झोपते किती वाजता, अलार्म किती वेळा वाजवते, एसी किती थंड, रूमवर कोणी राहायला येतं का, फोनवर बोलायला बाहेर जाते का, हे विचार. माझ्या होस्टेलला जिवलग मैत्रिणी म्हणून एक खोली मागून घेतलेल्या मुली दिवाळीच्या आत ट्यूबलाइटवरून तक्रार घेऊन यायच्या, एकीला अकराला बंद हवी, दुसरीचा अभ्यासच अकराला सुरू. आणि यादीने एकत्र आलेल्या, एक लातूरची एक सावंतवाडीची, पहिल्या आठवड्यात कपाटाच्या किल्लीवरून कुरकुर करणाऱ्या, तिसऱ्या वर्षी सुद्धा एकत्रच. प्रत्येक वेळी असंच होतं असं नाही, पण दिव्याची वेळ विचारून घ्यायला काय जातंय.

आईच्या फ्लॅटचं. आईच्या डोक्यात पुणे आहे, भिंतीवर कॉट बेसिसवर मुलींना जागा अशी चिठ्ठी, अकरा महिन्यांचं लीव्ह अँड लायसन्स, नाही पटलं तर महिन्याची नोटीस देऊन दुसरी जागा. तिथे लीज बहुतेक बारा महिन्यांचं असतं, होस्टेलचा करार मात्र साधारण नऊ महिन्यांचा, म्हणजे उन्हाळ्यात तू धायरीला आईच्या हातचं खात असशील तेव्हाही तिकडचं भाडं चालूच. सबलेट करता येतं, म्हणजे तेवढे महिने दुसऱ्या कोणाला पोटभाड्याने देता येतं, पण लीजमध्ये परवानगी असेल तरच. घरमालक क्रेडिट हिस्ट्री मागतो, तुझी नसणार, मग अमेरिकेत राहणारा गॅरंटर आण म्हणतो नाहीतर जास्तीचं डिपॉझिट. आणि चौघींनी मिळून सही केली तर बऱ्याच लीजमध्ये पूर्ण भाड्याला प्रत्येक जण जबाबदार असते, एक मध्येच ट्रान्स्फर घेऊन गेली तर तिचा हिस्सा उरलेल्यांच्या डोक्यावर. हे सगळं करूनही फ्लॅट स्वस्त पडू शकतो, काही गावांत पडतोच, त्यामुळे मी नाही म्हणत नाहीये. पण आधी एवढं बघ की सेकंड इयरला कॅम्पसवर राहणं तुमच्याकडे सक्तीचं आहे का, खूप ठिकाणी असतं, मग आईचा मुद्दाच संपला. आणि होस्टेलचा करार आणि फ्लॅटचं लीज या दोन्हींवर एकाच वेळी सही करून बसू नकोस, कॅन्सल करायचे पैसे लागतात आणि तारीख उलटली की ते वाढत जातात. कुठेही गेलीस तरी नवीन पत्ता दहा दिवसांच्या आत इंटरनॅशनल ऑफिसला कळवायचा, एफ-वनवाल्यांना ते बंधनकारक आहे.

राहता राहिली रूम बदलण्याची गोष्ट. आत्ता जी रूम मिळेल ती ऑगस्टपर्यंत तीच राहील असं धरून चालू नकोस. उन्हाळ्यात कोणी ट्रान्स्फर घेतं, कोणी सेमिस्टरभर परदेशी जातं, कोणाला आरएची पोस्ट मिळते, कोणाचं लीज होतं, आणि चांगल्या बिल्डिंगमधल्या जागा एकेक करून मोकळ्या होत जातात. आपल्या प्रतीक्षा यादीसारखंच. शिवाय टर्म सुरू झाल्यावर पहिले काही आठवडे ऑफिस कोणाला हलवत नाही आणि मग अदलाबदल उघडते, तेव्हा ते शॅपली-स्कार्फ आठव. तुला जिची रूम हवी तिला तुझी नकोच असेल, पण तिला तिसरीची हवी असेल आणि त्या तिसरीला तुझी. दोघींची अदलाबदल जमत नाही तिथे तिघींची जमते, फक्त तिघींना एकमेकींची माहिती पाहिजे, म्हणून तुला काय हवंय ते चार लोकांना सांगून ठेव. वेटलिस्टचा फॉर्म मात्र बहुतेक ठिकाणी वेगळा भरावा लागतो, लॉटरीतून नाव आपोआप तिकडे जात नाही. तो कधी उघडतो ते हाउसिंगच्या पेजवर बघ आणि फोनमध्ये रिमाइंडर लावून ठेव, तिथल्या वेळेप्रमाणे.